जुना फ्लॅट घेऊन, दुरुस्त करून विकायचा का? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या महिन्यात घरांविषयी आलेल्या पत्रांचा सूर एकच होता : जुने घर स्वस्तात घ्यायचे, डागडुजी करायची आणि चार पैसे सुटले की विकून मोकळे व्हायचे. उत्तरे वकील, कर सल्लागार आणि स्थापत्य अभियंता यांनी मिळून दिली आहेत. काही पत्रे जागेअभावी आटोपती केली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे २० लाख रुपये साठले आहेत. अमेरिकेतले ‘हाउस फ्लिपिंग’चे (घर घेऊन, दुरुस्त करून लगेच विकण्याचे) व्हिडिओ पाहतो. त्यात ‘७० टक्क्यांचा नियम’ सांगतात. पुण्यात ३० वर्षे जुन्या सोसायटीत ६४० चौरस फूट कार्पेटचा (भिंती वगळून आतल्या जागेचा) टू बीएचके ६० लाखांना मिळतो आहे. सहा लाख खर्चून तो ७८ लाखांना विकला, तर १२ लाख सुटतील ना? (नोकरदार वाचक, चिंचवड)

उत्तर : नाही. बारा लाखांतले लाखभर हातात राहिले तरी नशीब. हिशेब वहीत मांडून पाहा.

पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के : मूळ ५, स्थानिक संस्थेचा १ आणि मेट्रोचा १. साठ लाखांवर ४,२०,००० रुपये. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३०,०००. घेताना दलाली १ टक्का धरा, ६०,०००. वकिलाचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदी तपासल्याचा अहवाल) आणि बँकेचे शुल्क मिळून ४०,०००. सोसायटीचे हस्तांतर शुल्क आणि प्रवेश फी मिळून २६,०००. म्हणजे कुलूप उघडण्याआधीच ५,७६,००० गेले. खरेदीच्या साडेनऊ टक्क्यांहून जास्त.

पुढे दुरुस्ती ६ लाख. जुन्या घरात भिंत फोडली की काय निघेल सांगता येत नाही, म्हणून त्यावर १५ टक्के, म्हणजे ९०,००० वेगळे ठेवा. घर घेतल्यापासून विकून पैसे खात्यात येईपर्यंत नऊ महिने धरा. दोन महिने काम, मग गिऱ्हाईक शोधणे, आणि त्याच्या कर्जाला पुन्हा दीड-दोन महिने. तुम्ही ४५ लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी घेतलेत, तर नऊ महिन्यांचे व्याज सुमारे २,८७,०००. मेंटेनन्स, मिळकतकर, वीजबिल महिन्याला ४,००० धरले तर ३६,०००. विकताना पुन्हा १ टक्का दलाली, ७८,०००.

बेरीज ७६,६७,००० होते. विकले ७८ लाखांना, उरले १,३३,०००. त्यावर कर बाकीच आहे.

घर २४ महिन्यांच्या आत विकले, तर नफा अल्पकालीन धरला जातो आणि तुमच्या उत्पन्नात मिळवून स्लॅबप्रमाणे कर लागतो. तिसाच्या स्लॅबमध्ये असाल तर उपकरासह ३१.२ टक्के, म्हणजे ४१,५००. आणि हा आकडाही सगळा खर्च वजा मिळाला असे धरून आहे. भांडवली नफ्यात रंगरंगोटी ही ‘सुधारणा’ म्हणून मान्य होईलच असे नाही, आणि कर्जाच्या व्याजावरूनही वाद होतात. वर्षाला दोन-तीन घरे फिरवू लागलात की प्राप्तिकर खाते त्याला व्यवसाय मानू शकते. तिथे खर्च वजा मिळतो, पण दोन वर्षांनंतरच्या १२.५ टक्के दीर्घकालीन दराचा फायदा जातो.

आता भांडवल. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळते, आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क धरत नाहीत. शिवाय बँक इमारतीचे वय पाहते आणि स्वतःच्या मूल्यांकनावर कर्ज देते, त्यामुळे पंचेचाळीस हातात पडतील असे धरा. तुमचे १५ लाख, अधिक प्रवेशाचा खर्च ५.७६, दुरुस्ती ६.९०, अधिक नऊ महिन्यांचे व्याज आणि मेंटेनन्स ३.२३. जवळजवळ ३१ लाख लागतात. तुमच्याकडे २० आहेत. उरलेले ११ लाख वैयक्तिक कर्जातून काढायचा विचार मनात आला असेल, तर तो तिथेच सोडा. त्याच्या व्याजाने वरचे सव्वा लाखही जातील.

अमेरिकेतला नियम असा : दुरुस्तीनंतर घर जितक्याला विकले जाईल त्याच्या ७० टक्क्यांतून दुरुस्तीचा खर्च वजा करा, त्याहून जास्त देऊ नका. तुमच्या घराला लावला तर ७८ चे ७० टक्के ५४.६, वजा ६, म्हणजे ४८.६ लाख. या भावात मालक दारात उभे करणार नाही. म्हणून इथे उलटा हिशेब करायचा. विक्री ७८. त्यातून हवा तो नफा ८, विकतानाची दलाली ०.७८, दुरुस्ती ६.९०, व्याज-मेंटेनन्स ३.२३ आणि वकील-नोंदणी-सोसायटी ०.९६ वजा करा. उरले ५८.१३. याला १.०८ ने भागा, कारण ७ टक्के मुद्रांक आणि १ टक्का दलाली खरेदीच्या किमतीवरच बसते. उत्तर येते ५३.८. या घराला ५४ लाखांवर एक रुपया देऊ नये. साठ सांगणारा मालक ५४ ला येत नसेल तर ‘नमस्कार, पुन्हा भेटू’ म्हणावे.

एक छोटी वाट आहे. घर फक्त महिलेच्या नावावर घेतले तर मुद्रांकात १ टक्का सवलत मिळते, इथे ६०,००० रुपये. पूर्वी असे घर १५ वर्षे पुरुषाला विकता येत नसे. ती अट २०२३ मध्ये काढली. पतीचे नाव सोबत घातले की सवलत गेली. आणि मुद्रांक नेहमी करारातली किंमत व सरकारी बाजारमूल्य (ज्याला सगळे रेडी रेकनर म्हणतात) यांपैकी जे जास्त असेल त्यावर लागते. हे सरकारी दर १ एप्रिलला बदलू शकतात, म्हणून मार्चमध्ये टोकन (विसार) दिले असेल तर नोंदणी कधी होणार हे पक्के करून घ्या.

तुमच्या प्रश्नातल्या ‘कार्पेट’ शब्दाबद्दल समाधान वाटले. जुन्या करारात ‘८०० चौ. फूट बिल्टअप’ (भिंतींसह) लिहिलेले असते आणि दलाल भाव त्यावर सांगतो. टेप घेऊन खोल्या आतून मोजा, भाव कार्पेटवर काढा, आणि तुलना करताना त्याच सोसायटीतल्या गेल्या वर्षातल्या नोंदणीकृत व्यवहारांशी करा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये सूची क्रमांक दोन (नोंदवलेल्या व्यवहाराचा गोषवारा) पाहता येते. जाहिरातीतले भाव हे मागणीचे भाव असतात.

प्रश्न : डोंबिवलीत १९८९ च्या इमारतीत वन रूम किचन पाहिला. विकणारा म्हणतो, ‘वडील वारले, शेअर सर्टिफिकेटवर नॉमिनी म्हणून माझे नाव चढले आहे.’ मूळ करार सापडत नाही. पुढे जावे का? (वाचक, ठाणे)

उत्तर : सध्या पाऊल मागे घ्या. नॉमिनी हा मालक नसतो. सोसायटीने पत्रव्यवहार कोणाशी करायचा, एवढ्यासाठी ते नाव असते. मालकी सर्व वारसांची : आई, भाऊ आणि लग्न होऊन सासरी गेलेल्या बहिणीसुद्धा. बाकीच्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावे, किंवा सगळ्यांनी विक्री करारावर सह्या कराव्यात. ‘ताईची काही हरकत नाही’ हे तोंडी वाक्य कागद नव्हे. मृत्युपत्र असेल तर ते वकिलाला दाखवा. मुंबई शहराच्या हद्दीतल्या मालमत्तेसाठी प्रोबेटबद्दल (मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला) त्यांना मुद्दाम विचारा.

हरवलेल्या कराराचे दोन प्रकार असतात. नोंदणी झालेला असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित नक्कल मिळते. सोबत पोलिसांत हरवल्याची तक्रार, दोन वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस आणि विक्रेत्याचे हमीपत्र घ्यावे, बँक ते मागतेच. नोंदणीच झाली नसेल तर काम वाढते. महाराष्ट्रात १० डिसेंबर १९८५ पासून ताबा देणाऱ्या विक्री कराराला खरेदीखताइतके मुद्रांक शुल्क लागते. तुमची इमारत त्यानंतरची आहे. शुल्क कमी भरले असेल तर तूट आणि तिच्यावर दरमहा २ टक्के दंड लागतो. तो कोणी भरायचा हे टोकनच्या पावतीतच लिहून घ्या, कारण नंतर विक्रेता फोन उचलत नाही.

साखळीतला प्रत्येक दुवा हातात हवा : बिल्डर ते पहिला घेणारा, पहिला ते दुसरा, दुसरा ते आजचा. शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला हस्तांतराच्या नोंदी असतात. त्या तारखा करारांच्या तारखांशी ताडून पाहा. मधला एक करार नुसत्या स्टॅम्प पेपरवर निघणे ही जुन्या इमारतींत नेहमीची गोष्ट आहे. शिवाय भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा पालिकेचा दाखला), मंजूर नकाशा, जमिनीचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, सोसायटीच्या नावे जमिनीच्या मालकीचे अभिहस्तांतर म्हणजे कन्व्हेयन्स झाले आहे का, आणि सोसायटीचे थकबाकी नसल्याचे पत्र. भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या घरावर अनेक बँका कर्ज देत नाहीत. तुम्ही रोखीने घ्याल हो, पण तुमच्याकडून घेणाऱ्याला कर्ज लागणारच. घर विकायला घेताना तुमच्या पसंतीपेक्षा पुढच्या गिऱ्हाइकाच्या बँकेची पसंती महत्त्वाची.

हस्तांतरासाठी काही सोसायट्या लाख-लाख मागतात. २००१ च्या शासन परिपत्रकानुसार महानगरपालिका क्षेत्रात हस्तांतर प्रीमियमची कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे. ‘ऐच्छिक देणगी’च्या नावाने मागितले तरी ते बेकायदाच.

प्रश्न : विक्रेता ६० पैकी १० लाख रोख मागतो. सगळे असेच करतात म्हणे.

उत्तर : स्थावर व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेण्यास प्राप्तिकर कायद्याने मनाई आहे, आणि दंड जेवढी रोकड तेवढाच. दंड घेणाऱ्याला, पण गोत्यात तुम्हीही येता. रोख दिलेले १० लाख तुमच्या खरेदी किमतीत दिसत नाहीत. पुढे पूर्ण चेकने विकलेत की त्या दहा लाखांवर तुम्हाला नफा झाला असे समजून कर बसतो. घर फिरवून विकणाऱ्याला काळा पैसा परवडतच नाही. व्यवहार ५० लाख किंवा अधिक असेल तर प्रत्येक हप्त्यातून १ टक्का टीडीएस (विक्रेत्याच्या नावे सरकारला भरायचा कर) कापून भरायला विसरू नका.

प्रश्न : सहा लाखांत जुन्या टू बीएचकेची नेमकी कोणती कामे करावीत? कंत्राटदार फॉल्स सीलिंग, वॉलपेपर, मॉड्युलर किचन असे साडेआठ लाखांचे कोटेशन देतो. (गृहिणी, कोथरूड)

उत्तर : फॉल्स सीलिंग आधी खोडा. जुन्या इमारतीत छताची उंची मुळात बेताची असते, त्यात आणखी सहा इंच गेले की खोली बसकी दिसते. शिवाय जाणकार गिऱ्हाईक लगेच विचारते, वर ओल झाकली आहे का?

पैसा न्हाणीघरात घाला. जुना फ्लॅट परत विकताना सौदा मोडतो तो खालच्या मजल्यावरच्या गळतीमुळे. म्हणून घर घेण्याआधीच खालच्यांची बेल वाजवा, त्यांच्या न्हाणीघराचे छत पाहू द्या म्हणा. तिथे पिवळे डाग, पांढरा खार किंवा प्लास्टर सुटून गंजलेली सळई दिसली तर भाव तिथेच कमी करून घ्या. सळई गंजून फुगली की तीच वरचे काँक्रीट फोडते. असे ठिकठिकाणी असेल तर तो एका घराचा प्रश्न राहिला नाही. सोसायटीचा स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा) अहवाल मागा. उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे ऑडिट ५ वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचे ३ वर्षांतून एकदा व्हायला हवे. ‘अजून केलेच नाही’ हे उत्तरही माहिती देणारेच आहे.

पाच बाय सात फुटांचे न्हाणीघर नीट करायला १५ ते १८ दिवस लागतात. चार दिवसांत करून देतो म्हणणारा फरशीवर फरशी चिकटवणार आहे. क्रम असा. फरशी आणि खालचा जुना कोबा स्लॅबपर्यंत काढायचा, पण ब्रेकर जपून, स्लॅबला धक्का नको. जुने लोखंडी नळ पूर्ण काढून सीपीव्हीसी (प्लास्टिकचे पाइप) टाकायचे. अर्धे जुने ठेवले तर सांध्यावर गंजतात आणि नव्या टाइल्स फोडाव्या लागतात. भिंत बुजवण्याआधी हातपंपाने प्रेशर टेस्ट घ्या आणि काटा रात्रभर उतरला नाही हे स्वतः पाहा. मग फरशी-भिंतीच्या कोपऱ्यांना सिमेंट मसाल्याचा गोलवा, आणि नहाणी ट्रॅपभोवती व पाइप जिथून स्लॅब भेदतात तिथे न आकसणारा ग्राउट. गळती याच दोन जागांतून होते, मधल्या सपाट भागातून क्वचितच. त्यानंतर पॉलिमर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, पहिला आडवा, वाळल्यावर दुसरा उभा. भिंतीवर किमान एक फूट चढवायचे आणि शॉवरच्या भिंतीला सहा फुटांपर्यंत.

आता परीक्षा. ट्रॅपचे तोंड गोळ्याने बुजवून दोन इंच पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलने रेघ मारा आणि ४८ तास थांबा. थोडे पाणी वाफेने उडते, पण बोटभर उतरले तर गळती आहे. या दोन दिवसांत खालच्या छतावर नजर ठेवा. कोबा घातल्यावर हीच परीक्षा पुन्हा घ्या. बहुतेक गवंडी ही दुसरी परीक्षा टाळतात, आणि कोबा घालतानाच थापीने लेप ओरखडला जातो. शेवटी टाइल्स, उतार मीटरला साधारण एक सेंटिमीटर, आणि फरशी बाहेरच्या खोलीपेक्षा इंचभर खाली. सांध्यांत इपॉक्सी ग्राउट.

संडासाची जागा हलवून ती खालच्यांच्या स्वयंपाकघरावर आणू नका. नकाशात सुंदर दिसते, पण सोसायटीत कायमचे भांडण लागते आणि मंजूर नकाशाही मोडतो. बीम-कॉलमला हात लावायचा नाही, टीव्हीची वायर लपवायला पाव इंच खाचही नाही.

दुसरे काम वायरिंग. जुन्या घरांत अजून अॅल्युमिनियमच्या तारा निघतात. दिव्यांना १.५, प्लगला २.५, एसी आणि गिझरला प्रत्येकी स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच). एसीचे नवे पॉइंट काढले तर महावितरणकडे मंजूर भार वाढवून घ्यावा लागेल. हा अर्ज पहिल्या आठवड्यातच करा.

रंग शेवटी. ओल असलेल्या भिंतीवर पुट्टी चढवली की पहिल्या पावसात पोपडे. आधी ओलीचे कारण शोधा, प्लास्टर खरवडा, भिंत वाळू द्या, मग पुट्टीचे दोन, प्रायमरचा एक आणि रंगाचे दोन हात. पांढरट, उजळ रंग द्या. तुम्हाला आवडणारी गडद निळी भिंत पुढच्या माणसाला आवडेलच असे नाही. स्वयंपाकघरात ग्रॅनाइटचा ओटा, खोल सिंक आणि खालच्या ट्रॉल्या पुरेत. वरची महागडी कपाटे नवा मालक आपल्या मनाप्रमाणे करतो.

काम सुरू करण्याआधी सोसायटीला लेखी अर्ज द्या. अनामत, कामाच्या वेळा आणि राडारोडा कुठे टाकायचा हे त्यांच्या ठरावात असते. दुपारी फोडाफोडी बंद, रविवार बंद, गोणी लिफ्टमधून न्यायच्या नाहीत, अशा अटींनी ३० दिवसांचे काम ४५ दिवसांवर जाते. व्याजाच्या हिशेबात ते धरा. कंत्राटदाराला टप्प्याने पैसे द्या आणि शेवटचे १० टक्के पाण्याची दुसरी परीक्षा पास झाल्यावर.

प्रश्न : बँकेच्या लिलावात घरे ३० टक्के स्वस्त मिळतात, हे खरे का?

उत्तर : कधी मिळतात, पण त्या स्वस्ताईच्या पोटात काय आहे ते पाहा. सरफेसी कायद्याखालील (थकीत कर्जासाठी बँकेला तारण मालमत्ता विकू देणारा कायदा) लिलाव ‘जसे आहे, जिथे आहे’ तत्त्वावर होतो. समजा राखीव किंमत ४० लाख, अनामत ४ लाख, आणि तुमची बोली ४४ लाखांवर लागली. अनामतीसह २५ टक्के, म्हणजे ११ लाख, त्याच दिवशी किंवा पुढच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत. म्हणजे आणखी ७ लाख तयार हवेत. उरलेले ३३ लाख साधारण १५ दिवसांत. बँकेने लेखी मुदतवाढ दिली तर जास्तीत जास्त तीन महिने. जमले नाही तर भरलेले ११ लाख जप्त. गृहकर्जाची पूर्वमंजुरी खिशात नसताना बोली लावणे म्हणजे आगीशी खेळ.

जाहिरातीत ‘प्रतीकात्मक ताबा’ (म्हणजे फक्त कागदोपत्री) असे शब्द असतील तर आत बहुधा माणसे राहत आहेत. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकेला जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे लागते. कर्जदार ऋण वसुली न्यायाधिकरणात गेला की महिने मोजत बसायचे. नवख्याने ‘प्रत्यक्ष ताबा’ असलेल्याच मालमत्ता पाहाव्यात. सोसायटीची थकबाकी, मिळकतकर आणि वीजबिल यांचे आकडे लेखी मागून बोलीतून वजा करा. जुन्या जोडणीची थकबाकी नव्या मालकाकडून वसूल होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये मान्य केले आहे.

प्रश्न : दलाल म्हणतो, ही सोसायटी दोन वर्षांत रिडेव्हलपमेंटला जाणार, म्हणून भाव जास्त.

उत्तर : त्यासाठी वेगळे पैसे देऊ नका. कन्व्हेयन्स झाले आहे का? रस्ता किती रुंद? सर्वसाधारण सभेचा ठराव दाखवा म्हणा. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार ५१ टक्के सभासदांची संमती पुरते, पण ठरावापासून किल्ली मिळेपर्यंतचा काळ वर्षांत मोजतात. ज्याला नऊ महिन्यांत बाहेर पडायचे आहे, त्याच्यासाठी हे घर नव्हेच.

प्रश्न : गावाजवळ दोन गुंठ्यांचा प्लॉट, सातबाऱ्यावर आणखी नऊ जणांसोबत सामाईक नाव. घ्यावा का? (वाचक, शिरूर)

उत्तर : घेऊ नका. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. सामाईक सातबाऱ्यावर तुम्हाला मिळतो तो अविभक्त हिस्सा, कुंपण घातलेला तुकडा नव्हे. शेतजमीन बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय घेता येत नाही, आणि तुकडेबंदी कायदा वेगळाच. अकृषिक आदेश, मंजूर लेआउट आणि तुमच्या प्लॉट क्रमांकाचा स्वतंत्र उतारा असेल तरच बोलणी करा. ५०० चौरस मीटरहून मोठ्या लेआउटला महारेरा (राज्याचे स्थावर संपदा नियामक प्राधिकरण) क्रमांकही हवा.

प्रश्न : न विकता भाड्याने दिले तर? ११ महिन्यांच्या कराराची नोंदणी लागत नाही ना?

उत्तर : महाराष्ट्रात लागते, एका महिन्याचा असला तरी, आणि जबाबदारी घरमालकाची. मुद्रांक ०.२५ टक्के. २४ महिने, भाडे २०,०००, परत करायची अनामत १ लाख, असा करार धरा. भाडे ४,८०,०००, अनामतीवर वर्षाला १० टक्क्यांनी दोन वर्षांचे २०,०००, एकूण ५ लाख. मुद्रांक १,२५० आणि शहरात नोंदणी फी १,०००. एवढ्यासाठी नोंदणी टाळणारे भाडेकरू अडून बसला की पस्तावतात.

उत्पन्नाचे म्हणाल तर ६० लाखांच्या घराला १८,००० भाडे म्हणजे वर्षाचे २,१६,०००. मेंटेनन्स ३६,०००, एक महिना रिकामे १८,००० आणि मिळकतकर १०,००० गेला की १,५२,०००, म्हणजे अडीच टक्के. कर्ज साडेआठ टक्क्यांचे असताना भाड्यातून हप्ता फिटणार नाही. स्वतःच्या पैशाने घेतलेले, दोन वर्षांहून जास्त ठेवायचे घर असेल तर मात्र दुरुस्त करून आधी भाड्याने देणे शहाणपणाचे. २४ महिने ओलांडले की विक्रीवरचा कर १२.५ टक्क्यांवर येतो, आणि त्या नफ्यातून ठरलेल्या मुदतीत दुसरे घर घेतले तर तोही वाचू शकतो.

प्रश्न : बिल्डरकडून थेट बुकिंग करून ताब्याआधी विकले तर मुद्रांक दोनदा लागतो का?

उत्तर : गुंतवणूकदारासाठी सवलत आहे. पहिल्या करारापासून तीन वर्षांत विकले, तर आधी भरलेले मुद्रांक पुढच्या घेणाऱ्याच्या मुद्रांकातून वजा मिळते. ही मुदत पूर्वी एक वर्षाची होती, २०२२ मध्ये वाढवली. मूळ करारात तसा उल्लेख करून घ्या आणि बिल्डर हस्तांतरासाठी किती आकारणार हेही त्यातच लिहून घ्या. बांधकाम चालू असलेल्या घरावरचा जीएसटी मात्र परत येत नाही. करार नोंदवण्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला बिल्डरला रेरा कायद्याने मनाई आहे.

प्रश्न : घराचा मालक दुबईत असतो. त्याचा भाऊ कुलमुखत्यारपत्रावर विकतो आहे. टीडीएस १ टक्काच ना?

उत्तर : नाही. विक्रेता अनिवासी असेल तर १ टक्क्याचा नियम लागू होत नाही. घर त्याच्याकडे २४ महिन्यांहून जास्त असेल तर दीर्घकालीन नफ्याच्या दराने, अधिभार आणि उपकरासह कापावा लागतो. अधिकाऱ्याकडून कमी कपातीचे प्रमाणपत्र आणले नसेल तर सावधगिरी म्हणून तो पूर्ण किमतीवरच कापतात. तुम्ही १ टक्का कापलात तर राहिलेली रक्कम व्याजासह प्राप्तिकर खाते तुमच्याकडून वसूल करेल, आणि विक्रेता तोपर्यंत पैसे घेऊन दुबईला पोहोचलेला असेल. प्रमाणपत्रासाठी अर्ज विक्रेत्यानेच करायचा असतो. मुखत्यारपत्र विक्रीचा अधिकार देणारे, त्या विशिष्ट फ्लॅटचे आहे का आणि मालकाने ते रद्द केलेले नाही का, हे मालकाला व्हिडिओ कॉलवर विचारून घ्या. किंमत मालकाच्या खात्यात भरा, भावाच्या नव्हे. प्रमाणपत्र हातात येईपर्यंत नोंदणीची तारीख ठरवू नका.